मुंबई ते न्यूयॉर्क: जाताना सोळा तास, येताना चौदा. आईला काय सांगू?

सुतळी

मंडळी, आई पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच ताईकडे न्यू जर्सीला चालली आहे. एकटी. वय ६७, इंग्रजी जेमतेम, पण पंचवीस वर्षं डोंबिवली फास्टने नोकरी केलेली, त्यामुळे गर्दीला घाबरत नाही. घाबरतोय मी.

तिकीट बघत होतो. मुंबईहून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाला थेट विमान. अंतर शोधलं तर एका ठिकाणी १२,५४० लिहिलंय, दुसरीकडे ७,७९०, तिसरीकडे ६,७७०. वेळ जाताना पावणेसोळा तास, येताना सव्वाचौदा. आई शेजारीच मटार सोलत बसली होती. म्हणाली, "रस्ता तोच ना रे? मग येताना दीड तास कमी कसा? उतार आहे का?"

हसलो खरा, पण उत्तर नव्हतं. शिवाय आखातातून जाणारं विमान वीसेक हजारांनी स्वस्त पडतंय, म्हणजे तोही घोळ आहेच. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खवट

गूगलवर दोन मिनिटांत मिळेल. यासाठी धागा?

सुतळी

गूगलवरच तीन आकडे मिळालेत, साहेब. म्हणून तर इथे आलो.

रात्रपाळी

आकड्यांचं सोपं आहे. १२,५४० किलोमीटर, ७,७९० साधे मैल आणि ६,७७० सागरी मैल. तिन्ही एकच अंतर. विमानवाले सागरी मैलात बोलतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. दहावीस किलोमीटर इकडेतिकडे दिसले तर लक्ष देऊ नका. कोणी पृथ्वी चेंडूसारखी गोल धरतो, कोणी ध्रुवांपाशी चपटी धरतो, तेवढा फरक पडतो.

आणि तिकिटावरचा वेळ हा हवेतला वेळ नसतो. विमान गेटवरून मागे ढकललं जातं तिथपासून पलीकडे गेटला लागून थांबेपर्यंतचा तो वेळ. आपल्याकडे दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना कापून जातात, म्हणून एका वेळी एकच चालते. रात्री बारा ते तीन रांग लागते. विमानात बसून अर्धा तास झाला आणि अजून मरोळच दिसतंय, असं झालं तर आईंना सांगा, हा वेळ हिशोबात धरलेला असतो.

(मी सहार विमानतळावर रात्रपाळी करतो. कुठे, काय, ते विचारू नका.)

पाटीपेन्सिल

सुतळी, तुमच्या मातोश्रींचा प्रश्न अव्वल आहे. मी तीस वर्षं भूगोल शिकवला, उताराची उपमा एकाही पोराला सुचली नाही.

पण आधी रस्त्याचं बघू. घरी पृथ्वीगोल आहे का? असेल तर एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणून धरा. भिंतीवरच्या नकाशावर नको, गोलावरच. दोरा कुठून गेला ते इथे लिहा. उत्तर मी सांगणार नाही.

गिरगावचा चिवडा

सर, वर्गात बाक सोडून उभं राहिल्यासारखं वाटलं. मुंबईहून डावीकडे सरळ रेघ मारली की अरबस्तान, आफ्रिकेचं वरचं टोक, अटलांटिक, न्यूयॉर्क. काय चुकलं?

पाटीपेन्सिल

दोरा आणा, चिवडा.

सुतळी

सर, केलं. बाबांचा जुना गोल कपाटावर होता, इतका जुना की त्यावर सोव्हिएत संघ अजून शाबूत आहे. आईच्या शिवणाच्या डब्यातून लाल रीळ काढलं. मुंबईवर माझा अंगठा, न्यूयॉर्कवर आईचा. दोरा आधी आफ्रिकेवर धरला होता, पण ताणला तसा घसरत घसरत वर गेला, आपोआप. थांबला तेव्हा बलुचिस्तान, अफगाणिस्तान, अरल समुद्राच्या जरा डावीकडून, मग चक्क मॉस्को, हेलसिंकीच्या डोक्यावरून, आइसलँड, ग्रीनलंडच्या शेपटीजवळून खाली कॅनडा आणि न्यूयॉर्क.

आई म्हणाली, "अरे, हे तर रशियातून चाललंय! तिकडे थंडी असेल, स्वेटर काढून ठेव."

पाटीपेन्सिल

शाबास. दोरा घसरला, कारण ताणल्यावर तो कमीत कमी लांबीची वाट शोधतो. त्या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात. तुमचे १२,५४० किलोमीटर याच दोऱ्यावरचे. निघतानाची दिशा पश्चिम नसून जवळजवळ उत्तर आहे, जराशी डावीकडे कललेली. भिंतीवरचा नकाशा ध्रुवाकडचे प्रदेश ताणून दाखवतो, ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, म्हणून सरळ वाट त्यावर कमानीसारखी दिसते आणि माणसं म्हणतात, विमान वळसा घेतंय.

सॅन फ्रान्सिस्कोला दोरा लावून बघा. साडेतेरा हजार किलोमीटर, आणि तो लडाख, सायबेरिया करत आर्क्टिकवरून जातो. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला पहिलं थेट विमान आलं ते उत्तर ध्रुवावरूनच. कॉकपिटमध्ये सगळ्या महिला होत्या, कॅप्टन झोया अग्रवाल.

मुलुंडची मावशी

हे माहीत नव्हतं सर. मी तीनदा जाऊन आले, सीटसमोरच्या पडद्यावर ती कमान बघून दर वेळी वाटायचं, पायलट पेट्रोल वाया घालवतोय.

वातकुक्कुट

सरांचा दोरा बरोबर, पण विमान दोऱ्यावरून जात नाही. आता माझा विषय आला.

शाळेतलं नाव आणि प्रवाहाचं गणित आठवा. नाव तीच, वल्ही तीच, प्रवाहाच्या दिशेने लवकर आणि विरुद्ध दिशेने उशिरा. वर साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे पट्टे आहेत, जेट स्ट्रीम. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज, हिवाळ्यात त्याहून बरेच जास्त. विमान नेमकं त्याच उंचीवर उडतं.

ढोबळ हिशोब करू. विमानाचा स्वतःचा वेग ताशी ९००. वारा नसता तर १२,५४० ला चौदा तासांत जरा कमी. संपूर्ण वाटेवर सरासरी ८० चा वारा समोरून आला तर वेग ८२० आणि वेळ सव्वापंधरा तासांच्या वर. तोच पाठीशी आला तर ९८०, म्हणजे पावणेतेरा. त्यात धावपट्टीचे, रांगेचे, वळशाचे मिळवा. सुतळीच्या तिकिटातला फरक इथून आला. तेव्हा आईंना सांगा, उतार आहे. हवेचा आहे.

फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर वादळ होतं, तेव्हा ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी सहा-साडेसहा लागतात. जमिनीच्या हिशोबाने वेग ताशी १,३०० च्या वर गेला होता.

यातलं माझं लाडकं उदाहरण मात्र दिल्लीचं आहे. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ पासून पॅसिफिकवरून न्यायला लागले. अंतर वाढून १५,३०० झालं आणि वेळ? कमी झाला! जवळजवळ दीड हजार किलोमीटर जास्त उडून विमान लवकर पोचतं, कारण वारा पूर्ण वाट पाठीशी. तेव्हापासून कोणी "अमुक शहर किती किलोमीटर?" विचारलं की मी विचारतो, कुठल्या दिशेने आणि कुठल्या महिन्यात?

गिरगावचा चिवडा

वाकु, हा प्रतिसाद चौकटीत लावून ठेवण्यासारखा.

म्हणजे पॅसिफिकवरून गेलं की आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडून आपण काल पोचतो? आज निघून काल?

वातकुक्कुट

काल नाही हो. निघालात त्याच तारखेला, कधीकधी घड्याळाने निघालेल्या वेळेच्या आसपास. येताना मात्र एक तारीख गिळंकृत होते. ज्याचा वाढदिवस त्यात गेला त्याने केक कधी कापायचा हे मला विचारू नये.

खवट

बरं, दोरा झाला, वारा झाला. पण आईंचं विमान मॉस्कोवरून जाणार नाही हे कोणी सांगितलं का? दोऱ्याच्या वाटेवर देश असतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं. २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै बंद होतं. रशियाचं आकाश २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद. म्हणजे कंपनी कुठल्या देशाची, त्यावर वाट ठरते. दिल्लीकरांना फटका जास्त. आपण मुंबईकर निघाल्या निघाल्या समुद्रावर, त्यामुळे आपला वळसा लहान.

सुतळी

खवट, तुम्ही एवढं लिहिलंत! धन्यवाद.

खवट

पाऊस नाही, लोकल वेळेवर आहेत, काम नाही.

मुलुंडची मावशी

सुतळी, थेट की थांब्याचं, यावर माझं ऐक. अंतरात फार फरक नसतो. मुंबई–दुबई साधारण १,९३० आणि तिथून न्यूयॉर्क ११,००० च्या आसपास, म्हणजे एकूण जेमतेम चारशे किलोमीटर वाढले. लंडनवरून गेलं तर ७,२०० आणि ५,५४०, तिथे तर दोनशेच वाढले. हे मी एकदा दुपारी वहीवर मांडून बघितलं आणि चाट पडले. वाढतो तो वेळ, आणि तो हवेत वाढत नाही, जमिनीवर वाढतो. दुसऱ्या वेळी एका आखाती शहरात माझं पुढचं विमान चुकलं. पहिलं पन्नास मिनिटं उशिरा, पुढचं गेट विमानतळाच्या दुसऱ्या टोकाला, मधे छोटी रेल्वे. कंपनीचं नाव घेत नाही, पण त्या काउंटरवरच्या पोरीने मला तीन वेळा तेच वाक्य त्याच चालीत ऐकवलं, आणि मी नऊ तास एका खजुराच्या दुकानासमोर बसले. एकटी पहिल्यांदा जाणार असेल तर वीस हजारांचा मोह सोड.

अजून एक, "डायरेक्ट" लिहिलंय म्हणून फसू नकोस. डायरेक्ट म्हणजे विमानाचा नंबर एकच, मधे कुठे उतरणार नाही अशी हमी नाही. "नॉन-स्टॉप" लिहिलंय का ते बघ.

गोळ्या असतील तर घड्याळ बदलल्यावर कधी घ्यायच्या ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घे. दर दीड-दोन तासांनी उठून गल्लीत चालायला सांग. पाण्याला लाजायचं नाही.

गिरगावचा चिवडा

अवांतर: माझे आजोबा सांगायचे, १९६० मध्ये एअर इंडियाचं बोईंग ७०७ लंडनमार्गे न्यूयॉर्कला जायला लागलं तेव्हा लोक निरोप द्यायला सांताक्रूझला खटारा भरून जायचे. त्याआधी जून १९४८ मधलं पहिलं मुंबई–लंडन विमान तर कैरो आणि जिनिव्हा करत गेलं. एअर इंडियाला न्यूयॉर्कला न थांबता जायला २००७ उजाडलं.

रात्रपाळी

सुतळी, विमान किती वाजताचं आहे? रात्री एकच्या आसपास?

सुतळी

हो, १:०५. तारीख पंधरा.

रात्रपाळी

मग हे नीट वाचा. पंधरा तारखेचं १:०५ म्हणजे चौदा तारखेच्या रात्री घरून निघायचं. हसू नका. महिन्यातून दोन-तीन कुटुंबं आमच्यासमोर उभी असतात. गेल्या वर्षी नाशिकहून एक गाडी भरून आली होती, आजोबांच्या गळ्यात हार, नातवाच्या हातात फुगा. तिकीट दाखवलं तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं. आजोबांनी हार काढून घडी घालून पिशवीत ठेवला, तो अजून डोळ्यांसमोर आहे.

पोचण्याची वेळ बघून आईंना घोटाळा होईल, म्हणून हिशोब लिहून द्या. १:०५ ला निघून पावणेसोळा तास, म्हणजे आपल्याकडे दुपारचे ४:५०. सध्या तिकडे उन्हाळी वेळ, साडेनऊ तास मागे, म्हणजे तिथे सकाळचे ७:२०, तीच तारीख. हिवाळ्यात साडेदहा तास मागे.

डोंबिवलीहून सामान फार नसेल तर घाटकोपरला उतरून मेट्रो एकने मरोळ नाका, तिथे भुयारी मेट्रो तीन बदला, पुढचंच स्टेशन टी-२, म्हणजे विमानतळाचं टर्मिनल दोन. पण शेवटची गाडी आधी बघून घ्या. दोन मोठ्या बॅगा असतील तर टॅक्सीच. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा, चालता येत असलं तरी. रांगा आणि इंग्रजी दोन्ही वाचतं.

सुतळी

नॉन-स्टॉप काढलं. व्हीलचेअर ऐकून आईने तोंड वाकडं केलं, पण घेतली.

आता नवीन भानगड. कालनिर्णय बघून आली आणि म्हणते, पंधराला संकष्टी आहे. उपवास सोडायचा चंद्रोदयाला. मुंबईत दहाच्या सुमाराला चंद्रोदय. पण ती तेव्हा न्यू जर्सीत. तर कुठला चंद्र धरायचा? हसू नका, तिने मला गंभीरपणे विचारलंय.

गिरगावचा चिवडा

विमानात चंद्र दिसला की सोडायचा. खिडकीची सीट घ्या.

वातकुक्कुट

चिवड्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. अकरा किलोमीटर उंचीवरून क्षितिज पावणेचारशे किलोमीटर लांब असतं, जमिनीपेक्षा चंद्र थोडा आधी दिसतो. पण या विमानात चालणार नाही, कारण ते उतरेल तेव्हा तिथे सकाळ असेल.

उलट आईंना एक वेगळीच गंमत दिसेल. विषुववृत्तावर पृथ्वी ताशी १,६७० किलोमीटरने फिरते, पण ६० अंशांवर तो वेग निम्मा होतो, ८३५. म्हणजे हेलसिंकीच्या रेषेवर पश्चिमेला उडणारं विमान सूर्याच्या बरोबरीने धावतं. खाली ४५-५० अंशांवर गेलं तरी सूर्य अगदी रेंगाळत वर येतो.

पाटीपेन्सिल

आता तिथीचं बघू. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातल्या कोनाचा १२ अंशांचा तुकडा. ती सगळ्या जगात एकाच क्षणी सुरू होते आणि एकाच क्षणी संपते. चंद्रोदय मात्र गावोगावचा वेगळा. मुंबईत रात्री दहाला चंद्र उगवतो तेव्हा न्यू जर्सीत दुपारचे साडेबारा. तिथला चंद्र उगवेपर्यंत चतुर्थी संपलेलीही असू शकते. म्हणून अमेरिकेसाठी काढलेल्या पंचांगात संकष्टी कधीकधी आपल्या आदल्या दिवशी येते.

मातोश्रींनी तिथला चंद्र धरला तर मुंबईच्या सूर्योदयापासून मोजून उपवास सव्वीस-सत्तावीस तासांच्या घरात जातो. वय ६७, वर विमानप्रवास. माझा सल्ला भूगोलाचा नाही, पण मुंबईचा चंद्र धरावा.

मुलुंडची मावशी

अनुमोदन. बाप्पा काही स्टॉपवॉच घेऊन बसलेला नाही.

खवट

धाग्याचं नाव बदला. "मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर, वेळ आणि साबुदाणा".

सुतळी

मंडळी, आई पोचली. थोडं लिहितो, तुमचा हक्क आहे.

चौदाच्या रात्री आठलाच निघालो, रात्रपाळींच्या धाकाने. विमान १:०५ चं १:४० ला उडालं. मी घरी येऊन फोनवर वाट बघत बसलो. दोऱ्यावरून गेलंच नाही. समुद्रावरून, अरबस्तानाच्या कडेने, तुर्कस्तान, युरोप. मॉस्को कितीतरी वर राहिलं. कपाटावरच्या गोलाकडे बघून जरा अपराधी वाटलं.

तरी उतरलं ७:२५ ला. पस्तीस मिनिटं उशिरा उडून पाच मिनिटं उशिरा.

आई फोनवर म्हणाली, "उजाडायला लागलं म्हणून मी खिडकी उघडली, तर ते उजाडतच राहिलं. चहा झाला, डुलकी झाली, तरी तांबडंच. बाजूचा मुलगा खिडकी लाव म्हणून बघत होता, मी लावली नाही." वातकुक्कुट, तुमचा रेंगाळणारा सूर्य तिने पूर्ण वसूल केला.

उपवासाचं असं झालं. ताईने खिचडी करून ठेवली होती. न्यू जर्सीत भर दुपार. आईने शेजारच्या जोशीकाकूंना व्हिडिओ कॉल लावला, काकू गच्चीत गेल्या, पाण्याच्या टाकीच्या वर चंद्र आला होता तो दाखवला. आईने फोन ताईच्या फ्रिजला टेकवून ठेवला, हात जोडले आणि जेवली. काकूंचा हात हलत होता, म्हणून चंद्र जरा नाचत होता म्हणे.

रात्री तिथला चंद्र उगवला तेव्हा ती झोपली होती.

मुलुंडची मावशी

डोळ्यांत पाणी आणलंस रे. परतीचं कधी?

सुतळी

तीन महिन्यांनी. तिथून रात्री साडेआठला निघणार, सव्वाचौदा तास, म्हणजे मुंबईत दुसऱ्या दिवशी रात्री सव्वाआठ. ती विचारतेय, येताना वेळ कमी लागतो, डिझेल कमी जळतं, मग तिकीट स्वस्त का नाही?

त्या दिवशी कुठली तिथी आहे ते अजून बघितलेलं नाही.